मैलापाण्यातली वीज

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूकॅसल हे विजेने भारलेले शहर होते. १८७९ मध्ये जोसेफ स्वान यांच्या दिव्यांनी तिथला मोझली स्ट्रीट उजळला. तापलेल्या तंतूच्या दिव्यांनी उजळलेला पहिला रस्ता म्हणून आजही त्याचे नाव घेतात. चार्ल्स पार्सन्स यांचे वाफेचे टर्बाइन याच परिसरात घडले. तोफा आणि जहाजे बांधणारे लॉर्ड आर्मस्ट्राँग यांनी जवळच्या क्रॅगसाइड इथल्या आपल्या घरात पाण्यावर वीज तयार करून दिवे लावले होते. त्याच आर्मस्ट्राँग यांच्या नावाच्या कॉलेजात मायकेल क्रेस पॉटर वनस्पतिशास्त्र शिकवत.

पॉटर यांचा अभ्यासाचा विषय मात्र सडणे हा होता. सलगमाच्या कंदाला लागणाऱ्या एका कुजीवर त्यांनी काम केले होते आणि ती जिवाणूंमुळे होते हे दाखवून दिले होते. चांगला टणक कंद काही दिवसांत पाणी सुटून लिबलिबीत होतो. त्यात साठलेली ऊर्जा जाते कुठे? थोडी उष्णता होऊन जाते, थोडी जिवाणूंच्या वाढीत खर्च होते, हे तेव्हाही माहीत होते. पॉटर यांनी विचारले, की तिचा काही भाग विजेच्या रूपात बाहेर पडतो का.

त्यांनी केलेली मांडणी शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येईल इतकी साधी होती. काचेच्या भांड्यात सच्छिद्र नळी ठेवलेली, आतबाहेर साखरेचे द्रावण, दोन्हीकडे प्लॅटिनमची पट्टी. एका बाजूच्या द्रावणात यीस्ट, दुसऱ्या बाजूला काही नाही. दोन्ही पट्ट्या तारेने जोडल्या की तारेतून वीज वाहू लागे. यीस्टऐवजी आतड्यातला कोलाय जिवाणू घातला तरी तेच घडे. विद्युतदाब ०.३ ते ०.५ व्होल्ट. ऊब दिली की तो चढे. द्रावणातले अन्न आणि जिवंत सूक्ष्मजीवांची संख्या यांवरही तो कमीजास्त होई. म्हणजे हा प्रवाह धातूचा नव्हता, जीवांच्या जगण्याचा होता. सेंद्रिय पदार्थांच्या विघटनासोबत दिसणाऱ्या विद्युत परिणामांविषयीचा त्यांचा निबंध रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात १९११ मध्ये छापून आला. जिवाणूंच्या विजेचा इतिहास तिथून मोजतात, आणि ते योग्यच आहे.

पॉटर यांना प्रवाह दिसला, पण त्याचे पूर्ण कारण समजायला पुढची कित्येक दशके गेली. जिवाणू अन्न खातो म्हणजे त्या अन्नातले इलेक्ट्रॉन काढून घेतो. ते एका रेणूकडून दुसऱ्याकडे देत देत तो जगण्यापुरती ऊर्जा मिळवतो आणि शेवटी ते कुणाच्या तरी हवाली करतो. आपल्या शरीरात ते ऑक्सिजन घेतो; श्वास लागतो तो त्यासाठीच. ऑक्सिजन नसेल तिथे जिवाणू नायट्रेट, गंधकाची संयुगे, लोखंडाचा गंज असे जे मिळेल त्याच्या गळ्यात इलेक्ट्रॉन घालतात. तिथे कार्बनची कांडी ठेवली आणि जिवाणूंनी ती स्वीकारली, तर इलेक्ट्रॉन त्या कांडीतून तारेत येतात आणि दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनला भेटतात. जिवाणू जिथे असतात त्या कांडीला ॲनोड म्हणतात, जिथे ऑक्सिजन असतो तिला कॅथोड. मधली तार म्हणजे आपली वीज. मैलापाण्यात अन्नही असते आणि ते खाणारे जिवाणूही. त्यामुळे या विद्येचा आणि गटाराचा संबंध पहिल्यापासूनच जुळायला हवा होता.

तो जुळला नाही, याचे कारण तीन वर्षांनी मँचेस्टरमध्ये घडले.

मँचेस्टर महापालिकेच्या डेव्हिहल्म इथल्या मैलापाणी केंद्रात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोन रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर १९१२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सच्या प्रयोगकेंद्राला भेट देऊन आले. तिथे बाटलीतल्या मैलापाण्यात हवा सोडून ते शुद्ध करण्याचे प्रयोग चालू होते. आर्डर्न आणि लॉकेट यांनी तेच केले, फक्त एक फरक ठेवला. प्रत्येक खेपेला तळाशी बसणारा गाळ त्यांनी फेकून न देता बाटलीत राखला आणि त्यावर नवे मैलापाणी ओतले. पहिल्या खेपेला पूर्ण शुद्धीला सुमारे पाच आठवडे लागले होते. गाळ साठत गेला तसा वेळ घटत गेला आणि अखेर एका दिवसाच्या आत काम होऊ लागले. ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरच्या ग्रँड हॉटेलात त्यांनी हे निष्कर्ष मांडले. ॲक्टिव्हेटेड स्लज या नावाने ती पद्धत जगभर गेली. आपल्याकडे शहराबाहेर ज्या मोठ्या टाक्यांत पाणी अखंड खळखळताना दिसते, ती बहुतेक याच घराण्यातली. फाउलर स्वतः १९१६ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि हे ज्ञान त्यांच्यासोबत भारतातही पोचले.

या पद्धतीने शहरे वाचवली, यात शंका नाही. पटकीने आणि विषमज्वराने पोखरलेल्या शहरांच्या नद्या श्वास घेऊ लागल्या त्या बऱ्याच अंशी तिच्यामुळे. पण तिची किंमत हवेत आहे. जिवाणूंना ऑक्सिजन मिळावा म्हणून ब्लोअर रात्रंदिवस चालवावे लागतात. अशा केंद्राच्या वीजबिलाचा निम्मा, कधी त्याहून मोठा वाटा या हवेवर जातो. दर घनमीटर पाण्यामागे साधारण ०.३ ते ०.६ युनिट. पॉटर यांच्या भांड्यात जिवाणू इलेक्ट्रॉन तारेत देत होते. डेव्हिहल्मच्या टाकीत तेच इलेक्ट्रॉन बाहेरून ढकललेल्या हवेला दिले जात होते. एकाच घाणीतून निघणाऱ्या या दोन वाटा होत्या. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, कोळसा मुबलक असताना, जगाने दुसरी धरली.

तिसरी वाट गॅसची, आणि ती मुंबईला माहीत होती. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात, म्हणजे पुढच्या ॲकवर्थ रुग्णालयात, १८९७ च्या सुमारास मैलापाणी बंद टाकीत कुजवून त्यातला वायू गोळा करण्याचे आणि त्यावर इंजिन चालवण्याचे प्रयोग झाले. मैल्यापासून ऊर्जा मिळवण्याच्या जगातल्या आरंभीच्या प्रयत्नांत त्यांची नोंद आहे. महाराष्ट्रात ही परंपरा तुटली नाही. देहू गावात डॉ. सुहास मापुसकर यांनी आयुष्य घालवून संडासाला जोडलेली बायोगॅसची रचना घरोघरी नेली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाची कदर याहून पुष्कळ आधी व्हायला हवी होती. पण गॅस जाळून वीज करायची तर मध्ये इंजिन येते आणि निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. पॉटर यांची वाट थेट होती.

ती पन्नास वर्षे जवळपास ओस राहिली. १९३१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बार्नेट कोहेन यांनी जिवाणूंचे अनेक सेल एकापुढे एक जोडून ३५ व्होल्टांवर दाब मिळवला, पण प्रवाह अवघा २ मिलिअँपिअर होता. १९६० च्या दशकात अंतराळप्रवासाच्या तयारीत मानवी मैल्याचे करायचे काय हा प्रश्न अमेरिकेपुढे आला, तेव्हा या विषयाला पैसा मिळाला. बोटींवरचे रेडिओ आणि इशाऱ्याचे दिवे चालवणारे जैविक सेल बाजारातही आले आणि थोड्याच दिवसांत दिसेनासे झाले. सौर पट्ट्या पुढे निघून गेल्या होत्या.

१९८० च्या दशकात लंडनच्या किंग्ज कॉलेजात पीटर बेनेटो यांनी हा विषय चिकाटीने पुन्हा उभा केला. जिवाणूच्या पेशीभोवतीचे आवरण वीजरोधक असते, आतले इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे तर कुणीतरी ने-आण करणारा हवा, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून बेनेटो थायोनिनसारखे रंगद्रव्य पाण्यात मिसळत. ते पेशीत शिरे, इलेक्ट्रॉन घेई, बाहेर येऊन ॲनोडला देई. प्रयोगशाळेत हे उत्तम चाले. मैलापाण्यात मात्र ते निरुपयोगी होते, कारण पाणी वाहते आणि त्याबरोबर रंगही वाहून जातो. शुद्ध करायला घेतलेल्या पाण्यात सतत विषारी रंग ओतत राहणे कोणत्याच केंद्राला परवडणारे नव्हते. बेनेटो यांना या विद्येतून गरीब देशांसाठी वीज हवी होती, आणि त्यासाठी त्यांनी तळमळीने लिहिले. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे आणि मोजमापाच्या पद्धती पुढच्या सगळ्यांना उपयोगी पडल्या.

गाठ सुटली ती विजेशी काहीही संबंध नसलेल्या लोकांकडून. १९८७ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणारे डेरेक लव्हली यांनी वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीच्या चिखलातला एक जिवाणू जगापुढे आणला. तो लोखंडाच्या गंजाला इलेक्ट्रॉन देऊन जगत होता आणि त्या व्यवहारात चुंबकीय मॅग्नेटाइट तयार करत होता. पुढे त्याला जिओबॅक्टर हे नाव मिळाले. दुसऱ्याच वर्षी चार्ल्स मायर्स आणि केनेथ नील्सन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा सरोवराच्या गाळात मँगनीजवर जगणारा जिवाणू दाखवला. आज तो शिवानेला या नावाने ओळखला जातो. नील्सन यांना पडलेला प्रश्न सरोवराचा होता: तळातले मँगनीज इतक्या वेगाने विरघळते कसे? उत्तरातून जे निघाले ते फार मोठे होते. गंज आणि मँगनीजचे खडे घन असतात, पेशीच्या आत जाऊ शकत नाहीत. म्हणजे या जिवाणूंना इलेक्ट्रॉन पेशीबाहेर आणून घन वस्तूच्या पृष्ठभागावर ठेवता येतात, कुठल्याही रंगद्रव्याशिवाय. गंजाच्या जागी कार्बनची कांडी ठेवली तर?

हा प्रश्न नेटाने विचारला तो कोरियात. सोलच्या कोरिया विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत ब्युंग हाँग किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिवानेला थेट ॲनोडला इलेक्ट्रॉन देतो हे १९९९ मध्ये दाखवले. त्यानंतर त्यांनी जे केले ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे वाटते. शुद्ध जिवाणू बाजूला ठेवून त्यांनी स्टार्चच्या कारखान्याचे सांडपाणी आणि गाळ सेलमध्ये घातला आणि वाट पाहिली. पहिले काही आठवडे प्रवाह नगण्य होता, मग तो चढू लागला. सांडपाण्यातल्या असंख्य जातींपैकी ज्यांना कांडीवर जगता येते त्या आपोआप तिथे वस्ती करून राहिल्या. कुणी निवडले नाही, पोसले नाही, बाहेरून आणले नाही. ॲनोडच त्यांची निवड करत होता. याच सुमारास बेल्जियममध्ये गेंट विद्यापीठात विली व्हर्स्ट्राटे आणि कोर्नेल राबे यांना आढळले की अशा वस्तीतले काही जिवाणू इलेक्ट्रॉन नेणारी रंगद्रव्ये स्वतःच तयार करतात. बेनेटो जे बाटलीतून ओतत ते जिवाणू घरीच बनवत होते.

जिओबॅक्टर इलेक्ट्रॉन नेतो कसा, यावर पुढे मोठा वाद झाला. २००५ मध्ये लव्हली यांच्या गटाने म्हटले की तो केसासारख्या अतिसूक्ष्म तारा बाहेर काढतो आणि त्या वीजवाहक असतात. त्याच गटात भौतिकशास्त्राच्या बाजूने काम केलेले निखिल मालवणकर पुढे येल विद्यापीठात गेले. २०१९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या तारांची रचना पाहिली तेव्हा दिसले, की त्या आधी समजल्या त्या प्रथिनाच्या नाहीत. त्या सायटोक्रोम प्रथिनांच्या माळा आहेत, आणि त्यांच्या पोटात आपल्या रक्ताला लाल करणारा हीम हा घटक एकापुढे एक रचलेला आहे. स्वतःच्या आधीच्या निष्कर्षांना छेद देणारे उत्तर मिळाले आणि त्यांनी ते छापले. विज्ञानात याहून मोठा प्रामाणिकपणा नाही.

मैलापाण्याचा दिवस उजाडला २००४ मध्ये. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात हाँग लिऊ, रामनाथन रामनारायणन आणि ब्रूस लोगन यांनी हातात मावेल एवढ्या पारदर्शक नळीत ग्राफाइटच्या आठ कांड्या उभ्या केल्या. मध्यभागी हवेशी जोडलेला कॅथोड ठेवला आणि त्यातून घरगुती मैलापाणी सोडले. कॅथोडला हवा आपोआप मिळत होती, ब्लोअर नव्हता. चौरस मीटरला कमाल २६ मिलिवॅट वीज निघाली आणि पाण्यातली सेंद्रिय घाण ८० टक्क्यांपर्यंत घटली. त्याच वर्षी लिऊ आणि लोगन यांनी ॲनोड आणि कॅथोड यांच्यामधला महागडा पडदा काढून टाकला. मैलापाण्यावरची वीज २८ वरून १४६ मिलिवॅटवर गेली. वीज अजूनही क्षुल्लकच होती. पण त्या नळीत पाणी शुद्ध होत होते आणि त्यासाठी वीज खर्च होत नव्हती. माझ्या मते पॉटर यांची वाट आणि डेव्हिहल्मची वाट इथे पहिल्यांदा एकमेकांना भेटल्या.

जगाने मात्र ऐकले ते फक्त ‘वीज’. तिथून आशेची लाट उठली. प्रयोगशाळेतल्या आकड्यांनी काही वर्षांत मोठी झेप घेतली. कार्बनच्या तंतूंचे ब्रश ॲनोड म्हणून आले आणि कॅथोडवरच्या प्लॅटिनमची जागा २००९ पासून साध्या सक्रिय कोळशाने घेतली. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातून बातमी आली, की क्वीन्सलंड विद्यापीठाचे युर्ग केलर आणि फोस्टर्स ही बिअर कंपनी ब्रिस्बेनजवळच्या याटाला इथल्या कारखान्यात जिवाणूंचा वीजसंच बसवणार आहेत. २,५०० लिटरचा संच, २ किलोवॅट वीज, एका घराला पुरेल इतकी. बिअरच्या कारखान्याचे पाणी साखर आणि स्टार्चने भरलेले, विषारी द्रव्ये फारशी नाहीत. याहून चांगले अन्न जिवाणूंना कुठे मिळणार?

प्रत्यक्षात उभा राहिला तो सुमारे १,००० लिटरचा संच, तीन-तीन मीटर उंचीच्या बारा नळ्यांचा. आत कार्बन तंतूंचे ॲनोड, बाहेर कॅथोड. तो घराला वीज देऊ शकला नाही. त्याची कारणे नीट पाहिली तर पुढच्या दहा वर्षांच्या अडचणी सगळ्या तिथे सापडतात. पहिली, कारखान्याच्या पाण्यात क्षार कमी होते, म्हणून पाणी स्वतःच विजेला अडवत होते. प्रयोगशाळेत सगळे जण नकळत क्षारयुक्त द्रावणे वापरत होते. दुसरी, ॲनोडवरून सुटलेली घाण कॅथोडपर्यंत पोचली आणि तिथे नको ते जिवाणू वाढून ऑक्सिजन खाऊ लागले. तिसरी अडचण भूमितीची आहे. वीज पृष्ठभागावर तयार होते, घनफळात नाही. टाकी दसपट केली तर पाणी दसपट होते, कांडीचा पृष्ठभाग तितका वाढत नाही आणि दोन कांड्यांमधले अंतर मात्र वाढते.

सेल एकापुढे एक जोडून दाब वाढवावा म्हटले, तर आणखी एक विचित्र गोष्ट घडे. एका सेलमधले जिवाणू जरा उपाशी राहिले की बाकीच्या सेलांचा रेटा त्याच्यावर येऊन त्याची दिशाच उलटी होई. मग तो वीज देण्याऐवजी खाऊ लागे. गेंटमध्ये २००६ साली सहा सेलांच्या मांडणीत हे स्पष्ट दिसले होते. धातूच्या बॅटऱ्या एकसारख्या बनवता येतात. जिवाणूंच्या सहा वस्त्या एकसारख्या राहत नाहीत.

कॅलिफोर्नियात नापाच्या खोऱ्यात वाइनच्या कारखान्याच्या पाण्यावर १,००० लिटरचा एक संच बसवला गेला. त्यात थोडी वीज बाहेरून देऊन हायड्रोजन मिळवायचा होता. २०११ मध्ये त्याचा अहवाल आला: बाहेर आलेल्या वायूत मिथेनचेच प्रमाण मोठे होते. टाकीतल्या मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांनी हायड्रोजन आधीच खाऊन टाकला होता. अशी दोन-तीन उदाहरणे झाल्यावर गुंतवणूकदारांचा उत्साह ओसरला. मला वाटते हा दोष जिवाणूंचा नव्हता. चुकीच्या नावाने ही वस्तू विकली जात होती.

हे न्यूकॅसल विद्यापीठातल्या लोकांच्या लवकर लक्षात आले. त्यांनी आधी मूळ प्रश्न विचारला: मैलापाण्यात ऊर्जा आहे तरी किती? आजवरचे आकडे पाणी भट्टीत वाळवून काढलेले होते, आणि वाळवताना उडून जाणारी द्रव्ये मोजणीतून सुटत होती. एलिझाबेथ हाइडरिक, टॉम कर्टिस आणि यान डॉल्फिंग यांनी मैलापाणी गोठवून वाळवले आणि मग जाळून मोजले. घरगुती मैलापाण्यात लिटरला ७.६ किलोज्यूल, कारखान्यांचे पाणी मिसळलेल्या नमुन्यात १६.८. म्हणजे घरगुती मैलापाण्याच्या प्रत्येक घनमीटरमध्ये दोन युनिटांहून अधिक ऊर्जा. आपण ते शुद्ध करायला अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज खर्च करतो आणि त्याच्या चौपट ऊर्जा वाहून जाऊ देतो. हा निबंध २०११ मध्ये छापला गेला. त्यानंतर त्यांनी त्याच भागातल्या मैलापाणी केंद्रावर १२० लिटरचा संच बसवून उत्तर इंग्लंडच्या थंडीत, कच्च्या मैलापाण्यावर, तीन महिन्यांहून अधिक काळ जवळजवळ शुद्ध हायड्रोजन मिळवला. घातलेल्या विजेपैकी सुमारे ७० टक्के ऊर्जा परत आली. तोटाच झाला, असे कुणी म्हणेल. पण तेवढी घाण काढायला ॲक्टिव्हेटेड स्लजला जितकी वीज लागते त्याहून कमी वीज त्यांनी वापरली होती. तुलना तिच्याशीच व्हायला हवी.

चीनमध्ये चिंग्वा विद्यापीठाच्या गटाने १,००० लिटरचा, सुट्या विभागांचा संच शहराच्या मैलापाण्यावर वर्षभर चालवला. २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. घाण ७० ते ९० टक्के घटली, आणि वीज मिळाली घनमीटरला ०.०३३ युनिट. दोन युनिटांच्या साठ्यातून हे हाती लागले. विहीर तुडुंब भरलेली आहे, पण पोहरा अजून फार लहान आहे. तरीही पाणी शुद्ध होत होते.

ब्रिस्टलमधल्या यानिस येरोपुलोस यांनी मोठ्या टाकीचा मोह पहिल्यापासून सोडला. छोटे सेल, पण शेकड्यांनी. त्यांच्या गटाने आधी मेलेल्या माश्या खाऊन चालणारा यंत्रमानव केला, २०१३ मध्ये लघवीवर मोबाइल चार्ज करून दाखवला आणि २०१५ मध्ये ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या साथीने लघवीवर दिवे लावणारी मुतारी उभी केली. ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात ४३२ सेलांनी सुमारे ३०० मिलिवॅट वीज दिली. आतले एलईडी दिवे लागायला तेवढी पुरली. पुढे युगांडातल्या किसोरो इथल्या मुलींच्या शाळेतही हा संच गेला. निर्वासितांच्या छावणीत रात्री अंधाऱ्या शौचालयाकडे जाणे बायकांना किती धोक्याचे असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ३०० मिलिवॅट थोडे वाटणार नाहीत.

येरोपुलोस यांच्या सेलांची भिंत भाजलेल्या मातीची होती, आणि इथे भारताचा हिस्सा येतो. आयआयटी खरगपूरमध्ये मकरंद घांग्रेकर यांचा गट २००७ च्या आसपास या विषयावर लिहू लागला. त्यांच्या निबंधांवर सहलेखक म्हणून शिंदे, मोरे, घाडगे अशी आडनावे दिसतात तेव्हा आपल्या माणसांचा अभिमान वाटतो. त्यांनी २०१० मध्ये एक साधी आणि धाडसी गोष्ट केली. भातगिरणीचे सांडपाणी त्यांनी दोन सेलांत घातले: एकात परदेशी बनावटीचा महाग पडदा, दुसऱ्यात मातीचे मडके. मडक्याची भिंतच ॲनोड आणि कॅथोड यांच्यामधला पडदा झाली. ज्या गुणामुळे मडक्यातले पाणी गार होते, त्याच पाझरण्याच्या गुणामुळे विद्युतभारित कण भिंतीतून पलीकडे जातात. मडक्याने महागड्या पडद्याला मागे टाकले. घनमीटरला २.३ वॅट विरुद्ध ०.५३ वॅट, आणि सेंद्रिय घाण ९६ टक्क्यांवर घटलेली. पुढे मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज मिसळून भिंत आणखी सुधारली. एनटीपीसीच्या साहाय्याने ७२० लिटरचा संच शौचालयाच्या मैलापाण्यावर चालवून पाहिला.

या कामाची निकड केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकड्यांत दिसते. मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते. शुद्धीकरणाची बसवलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्ष शुद्ध होणारे फक्त २०,२३६. उरलेले नदीत आणि नाल्यात जाते. बांधून ठेवलेल्या क्षमतेतलाही तिसरा हिस्सा तेव्हा वापराविना पडून होता. लहान नगरपालिकेला टाकी बांधायला निधी मिळतो, पण ब्लोअर रोज फिरवायला लागणारी वीज आणि माणसे तिला स्वतःच्या तिजोरीतून पुरवावी लागतात.

पैसे मोजून घेतली जाते अशी या विद्येची एक वस्तू आजही आहे, आणि ती कोरियातूनच आली. पाण्यात किती सेंद्रिय घाण आहे ते सांगणारी बीओडी ही चाचणी ब्रिटनच्या मैलापाणी आयोगाने १९१२ मध्ये प्रमाण ठरवली. तिला पाच दिवस लागतात. पाच दिवसांनी कळते तोवर ते पाणी केव्हाच नदीला मिळालेले असते. किम यांच्या सेलमधला प्रवाह घाणीच्या प्रमाणात वरखाली होतो, म्हणून तो तासाभरात उत्तर देतो. असा एक सेल त्यांनी पाच वर्षांहून अधिक काळ, जिवाणूंची वस्ती न बदलता, चालू ठेवला. ॲनोड टिकाऊ आहे, जिवाणू टिकाऊ आहेत. अडते आहे ते कॅथोडवर: हवेकडचे तोंड ओले होऊन तुंबते, क्षार साचतात, काही महिन्यांत वीज उतरते आणि पट्टी बदलावी लागते. खरगपूर, हैदराबाद, पेनसिल्व्हेनिया, चीन, ब्रिटन, सगळीकडे आज मेहनत चालू आहे ती या पट्टीवर. ती स्वस्त झाली आणि दोन-चार वर्षे टिकली, तर ब्लोअरशिवायची टाकी गावात बसवता येईल.